सहा कोड गेले, चार राहिले: वर्गणीतून घेतलेल्या स्वस्त गेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

त्या वर्षी मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. ओळख पटू नये म्हणून गावाचं, मुलांचं, गेमचं आणि खरेदी झाली त्या साइटचं नाव देत नाही. रकमा मात्र वहीतल्याच आहेत.

वही खजिनदाराची. लाल पुठ्ठ्याची, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा. वसतिगृहाच्या गणपतीची वर्गणीही तोच सांभाळायचा आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फुलांच्या हारापर्यंतचा हिशेब फळ्यावर लिहून मोकळा व्हायचा. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर दहा जणांनी मिळून एक गेम घ्यायचं ठरवलं, तेव्हा पैसे कुणाकडे द्यायचे याची चर्चाच झाली नाही.

गेम एका लहानशा युरोपीय स्टुडिओचा. एका बेटावर सगळ्यांनी मिळून वस्ती उभारायची, शेती करायची, होड्या बांधायच्या. एकट्याने खेळण्यात मजा नाही, म्हणून दहाही जणांकडे तो हवा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात किंमत १,१०० रुपये. दहा जणांचे ११,००० होतात, आणि महिन्याच्या अखेरीला वसतिगृहात ११,००० रुपये म्हणजे काय हे मेसवाल्याला विचारा.

एक शब्द आधीच स्पष्ट करतो. स्टीमवर न घेता बाहेरून गेम घेतला, तर पंधरा अक्षर-अंकांचा एक कोड मिळतो, पाच-पाचच्या तीन गटांत. तो स्टीममध्ये टाकला, गेम आपल्या खात्यात आला. सगळे त्याला ‘की’ म्हणतात. पण मराठी वाक्यात की लिहिली की ही कुठली की तेच कळेनासं होतं, म्हणून मी कोडच म्हणतो.

खरेदी

ग्रुपवर एकाने दुसऱ्याच साइटची लिंक टाकली. तिथे तोच गेम ५८९ रुपयांना होता. अशा साइटला दुकान म्हणणं चुकीचं, ती मंडई असते. गाळा साइटचा, माल कुणा तिसऱ्याचा. विक्रेत्याची ओळख म्हणजे एक टोपणनाव आणि त्याच्यापुढे समाधानी ग्राहकांची टक्केवारी. स्वस्तातल्या विक्रेत्याकडे सहाच कोड शिल्लक होते. उरलेले चार दुसऱ्याकडून, ५९९ ला.

लेडीज होस्टेलमधली एक मुलगीही ग्रुपवर होती. तिने लिहिलं, “एवढं स्वस्त कसं काय?” खजिनदाराचं उत्तर, “परदेशातला रेट असेल गं.” खाली सात-आठ अंगठे. ती शेवटी वर्गणीत आली नाही, पण तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे. तिचं मेसचं बिल थकलं होतं.

त्याच संध्याकाळी मेसच्या रांगेत खजिनदाराने मला विचारलं, “सर, ही साइट सेफ आहे ना?” मी आमटी वाढून घेत होतो. “रेटिंग बघून घे,” एवढं म्हणून मी पुढे सरकलो.

पैसे भरायला परदेशी व्यवहार चालणारं कार्ड हवं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डावर ती सोय आपण होऊन सुरू करावी लागते. खजिनदाराने पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाला फोन लावला. “दादा, कार्डावर जरा इंटरनॅशनल चालू कर ना.” “कशाला रे?” “गेम घ्यायचाय, सगळ्यांचे मिळून. पैसे लगेच पाठवतो.” दादाने ओटीपी दिला.

पैसे भरायचा तो शेवटचा पडदा मी नंतर स्क्रीनशॉटमध्ये पाहिला. दहा कोडचे ५,९३० रुपये. त्याखाली ‘खरेदी संरक्षण’ नावाची एक चौकट, आधीच खूण केलेली. कोड चालला नाही तर भरपाई देऊ, त्याचे वेगळे पैसे. खजिनदाराने काटकसर म्हणून ती खूण काढली. मग सेवाशुल्क, मग कर. आकडा झाला ६,७४२. कार्डाच्या बिलात परकीय चलनाचा अधिभार धरून ७,०२०. प्रत्येकी ७०० रुपये आधीच गोळा झालेले होते. वरचे २० त्याने पदरचे घातले आणि तसं वहीत लिहिलं.

त्या चौकटीजवळ मी अजूनही अडखळतो. मंडईत एखादा म्हणाला असता, “माल चोरीचा निघाला तर पैसे परत, पण त्या हमीचे दहा रुपये वेगळे,” तर आपण पिशवी उचलून पुढच्या गाळ्यावर गेलो असतो. पडद्यावर मात्र आपण फक्त दहा रुपये वाचवतो.

काय बिघडलं

सतरा दिवस सगळं छान चाललं. बेटावर धक्का बांधून झाला, दोन होड्या झाल्या. अठराव्या दिवशी, शनिवारी रात्री, सहा जणांच्या खात्यातून गेम नाहीसा झाला. स्टीमचा निरोप एवढाच, की हा गेम तुमच्या खात्यातून काढून टाकला आहे. सहाही कोड पहिल्या, स्वस्तातल्या विक्रेत्याचे. त्यातल्या एकाने तर बॅकलॉग राहिलेल्या विषयाचा पेपर झाल्यावर खेळू म्हणून कोड वापरलाच नव्हता. त्याने घाईघाईने टाकून पाहिला, तर अवैध.

वाईट योगायोग असा, की सगळ्यांचं ते सामाईक बेट ज्याच्या लॅपटॉपवर साठवलेलं होतं तो या सहांमधलाच. फाइल त्याच्याकडे, पण उघडायला गेम नाही. उरलेल्या चौघांकडे गेम, पण बेट नाही.

रविवारी सकाळी खजिनदार वही घेऊन माझ्या खोलीवर आला. गेम जाण्याचं त्याला फारसं नव्हतं. “सर, पैसे माझ्या हातून गेलेत,” हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

असे कोड येतात कुठून

यातलं बरंचसं मला त्या रविवारीच वाचून कळलं. पुढचे निर्णय यावरच झाले, म्हणून थोडं सविस्तर.

स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी तिच्या दुकानातल्या विक्रीवर साधारण ३० टक्के घेते. विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की हा वाटा कमी होतो, पण लहान स्टुडिओला त्याचा काय उपयोग? मात्र गेम बनवणाऱ्याला कोड फुकट काढून मिळतात, आणि ते त्याने स्वतःच्या साइटवर विकले तर व्हॉल्व्ह त्यातलं काही घेत नाही. म्हणून लहान स्टुडिओ स्वतःचं छोटं दुकान उघडतात. चार पैसे जास्त सुटतात.

चोर शिरतो तो नेमका याच दारातून. त्याच्याकडे कुणाच्या तरी कार्डाचे चोरलेले आकडे असतात. लहान दुकानाची राखण कच्ची. तो तिथून कोड घेतो आणि मंडईत निम्म्या भावात काढतो. कितीलाही विकले तरी त्याचा नफाच. काही दिवसांनी कार्डाचा खरा मालक बिल बघतो, बँकेला म्हणतो, हा खर्च माझा नाही. बँक स्टुडिओकडून पैसे ओढून घेते, म्हणजे चार्जबॅक, आणि वर दंडासारखं शुल्क लावते. स्टुडिओचा माल गेला, पैसे गेले, शुल्क अंगावर. त्याच्या हाती उरतं ते एकच, ते कोड रद्द करणं. तोवर कोड आमच्या वसतिगृहात पोचलेले असतात.

सगळेच स्वस्त कोड असे नसतात. काही बंडलमधून, म्हणजे एकत्र स्वस्तात विकलेल्या गेमच्या संचातून, उरलेले असतात, काही खरंच स्वस्त दराच्या देशातून आणलेले. काही भुरटे तर नामांकित यूट्यूबरच्या नावाने स्टुडिओला ईमेल करून परीक्षणासाठी म्हणून फुकट कोड मागतात आणि विकतात. घेणाऱ्याला यातला कुठला कोड कसला हे कळायची सोयच नाही, आणि मंडईचा सगळा धंदा त्या न कळण्यावर उभा आहे.

आणि ते ‘परदेशातला रेट असेल’? स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत आणि त्या सहसा अमेरिका-युरोपपेक्षा कमीच असतात. युरोपातल्या स्टुडिओचा गेम आपल्याकडच्या दराच्या निम्म्यात परदेशातून यावा, याला कारण शोधावं लागलं असतं. कुणी शोधलं नाही, मीही नाही.

समोरचे पर्याय

रविवारी दुपारी दहाही जण कॉमन रूममध्ये जमले. मी कोपऱ्यात बसलो.

पहिली सूचना साइटकडे तक्रार करण्याची. ती करायचीच होती.

दुसरी, स्टुडिओला लिहिण्याची. एकाने दाखला काढला. जानेवारी २०१५ मध्ये यूबीसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीने असेच कोड रद्द केले होते. ईए या दुसऱ्या गेम कंपनीच्या ओरिजिन दुकानातून लबाडीने खरेदी होऊन ते पुढे विकले गेले होते. ग्राहकांनी ओरड केल्यावर, ज्यांनी आधीच गेम सुरू करून खेळायला घेतला होता त्यांचे कोड यूबीसॉफ्टने पुन्हा चालू केले. “मग आपलेही करतील.” मी म्हटलं, अरे, यूबीसॉफ्टला ते परवडतं. बारा-पंधरा माणसांच्या स्टुडिओकडे आपण असं मागायचं म्हणजे ज्याचं घर फुटलं त्याच्याकडेच भरपाई मागायची.

तिसरी सूचना क्रॅकची, म्हणजे चोरटी प्रत फुकट उतरवून घेण्याची. “तो नो मोअर रोबोट्सचा माइक रोझ स्वतःच म्हणाला होता ना, जीटूएवरून घेण्यापेक्षा पायरेट करा.” हे खरं आहे, २०१९ मधलं. नो मोअर रोबोट्स ही त्याची गेम प्रकाशित करणारी कंपनी, आणि जीटूए ही अशीच कोडची मंडई. पण तो त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या गेमबद्दल बोलत होता. आपल्या शेतातले आंबे पाडून न्या असं मालक म्हणू शकतो. त्यावरून शेजारच्या बागेत शिरता येत नाही.

चौथी, दादाच्या कार्डावरच्या खर्चाबद्दल बँकेकडे वाद दाखल करून पैसे परत मागण्याची. इथे बराच वेळ गेला. एक जण म्हणाला, दहाही कोडचे पैसे मागू. चार चालू असताना दहाचे मागणं सरळ खोटं, ते लगेच बाजूला पडलं. सहाचे मागणं मला रास्त वाटलं. माल मिळाला आणि काढून घेतला गेला, हे घडलेलं आहे. पण खजिनदार बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, “म्हणजे ज्याचं कार्ड चोरलं त्यानेही त्याच्या बँकेला हेच सांगितलं असणार. आणि म्हणून आपले कोड गेले.” त्यावर कुणाला काही सुचलं नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनचंही नाव निघालं. मी फार जोर धरला नाही. पैसे आम्ही स्वतः ओटीपी देऊन भरले होते. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतात नेमाने माल विकणाऱ्या परदेशी साइटनाही लागू आहेत, पण या साइटवर भारतातला तक्रार अधिकारी सोडा, पत्तासुद्धा सापडेना. आज वाटतं, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला निदान नोंद तरी करायला हवी होती.

आणि पाचवा प्रश्न, जो सर्वांत अवघड निघाला: नुकसान कुणाचं? पैसे सगळ्यांनी सारखे घातले. कोड ग्रुपवर यादीने टाकले होते, ज्याने जो उचलला तो त्याचा. मग सहांनी सगळं सोसायचं आणि चौघांना काहीच नाही? खजिनदाराने वहीतच मांडलं. सहा कोडचं नुकसान सुमारे ४,२१२. दहा जणांत वाटलं तर प्रत्येकी ४२१. म्हणजे चौघांनी ४२१ द्यायचे आणि सहांना २८१ परत मिळायचे. तिघे तयार झाले. चौथा म्हणाला, “माझा कोड चालतोय, मी का देऊ?” मला राग आला, पण त्याचं चुकतंय कुठे तेही सापडेना. शेवटी तोही “बघू” म्हणाला आणि सगळ्यांनी ते हो धरलं.

काय केलं

साइटकडे तक्रार त्याच दिवशी गेली. उत्तर असं, की ‘खरेदी संरक्षण’ घेतलेलं नाही आणि कोड उघडून पाहिल्यापासून चौदा दिवस उलटले आहेत. फक्त न वापरलेल्या एका कोडचे पैसे देऊ, तेही साइटवरच्या पाकिटात. म्हणजे त्याच मंडईत पुन्हा खरेदी करायला.

स्टुडिओला खजिनदाराने पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘आमचे कोड परत द्यावेत’ असं होतं, ते त्याने स्वतःच खोडलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: आम्ही अमुक साइटवर, अमुक टोपणनावाच्या विक्रेत्याकडून हे सहा कोड घेतले, पावत्या जोडल्या आहेत, तुम्हाला उपयोग झाला तर बघा. चार दिवसांनी उत्तर आलं. हे कोड त्यांच्या साइटवरून चोरीच्या कार्डांनी घेतले गेले होते, ते परत चालू करता येणार नाहीत, आणि पावत्यांबद्दल आभार. शेवटी एक ओळ होती, की सहसा लोक आम्हाला शिव्या देतात. ती त्याने मला फोनवर वाचून दाखवली.

दादाने पाच कोडपुरता वाद दाखल केला. आठवड्याभरात बँकेने ३,३५० रुपये कार्डावर जमा केले. वसतिगृहात वडापाव वाटले गेले. खजिनदाराने सहा जणांना ५५८ प्रमाणे पैसे देऊन टाकले. ते ४२१ रुपयांचं ठरलेलं वाटप मग कुणाला आठवलंच नाही, कारण गरजच उरली नव्हती.

निष्पत्ती

ते पैसे तात्पुरते जमा होते. बँकेच्या निरोपात तसं स्पष्ट लिहिलं होतं, पण दादाने फक्त आकडा पुढे पाठवला होता. साइटने बँकेला कोड कधी दिले, कधी उघडले याची नोंद दाखवली आणि दोन महिन्यांनी ३,३५० परत गेले. साइटने ग्रुपचं खातंही बंद केलं; त्या पाकिटातले पैसेही गेले.

आता पुन्हा सहा दारं ठोठवायची. चौघांनी पैसे परत दिले. दोघे इंटर्नशिपला बाहेरगावी गेले होते. त्यांनी आधी ‘देतो’ म्हटलं, मग फोन उचलणं कमी केलं. ते १,११६ रुपये खजिनदाराने दादाला स्वतःच्या खिशातून दिले. मी अर्धे देऊ केले. “राहू द्या सर,” म्हणाला.

डिसेंबरअखेर स्टीमच्या हिवाळी सेलमध्ये तोच गेम ४० टक्के सवलतीत आला. ६६० रुपये. आम्हाला एक कोड ७०२ ला पडला होता. मेसचं बिल थकलेल्या त्या मुलीने तो तेव्हा घेतला.

या प्रकारचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण फॅक्टोरियो हा गेम बनवणाऱ्या वूब या चेक स्टुडिओचं. जीटूएने २०१९ मध्ये सांगितलं होतं, की आमच्या मंडईत चोरीचे कोड विकले गेल्याचं सिद्ध झालं तर चार्जबॅकच्या नुकसानीच्या दहापट देऊ. वूबने आव्हान घेतलं. १९८ कोड निघाले आणि २०२० मध्ये जीटूएने ३९,६०० डॉलर भरले. कोडमागे २०० डॉलर. दहापटीचा हिशेब उलटा केला, तर एका कोडमागे स्टुडिओला २० डॉलरचा फटका. आमच्या सहा कोडचे त्या हिशेबाने १२० डॉलर झाले असतील. आमची सगळी बचत, सेल धरलाच नाही तरी, दहा कोडवर ३,९८० रुपये होती. सहा कोडच्या फटक्यानेच ती गिळली असती.

काय वेगळं करता आलं असतं

महिनाभर थांबता आलं असतं. स्टीमवर गेम विशलिस्टमध्ये टाकला की सेल लागल्याचा ईमेल येतो. थांबायचं नसेल तर हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग अशी दुकानं आहेत, ज्यांना कोड थेट गेम बनवणाऱ्यांकडून मिळतात. खुद्द स्टीमवर घेतला असता तर दोन तासांच्या आत खेळून चौदा दिवसांत परतही करता आला असता.

खरेदीच्या वेळी ‘एवढं स्वस्त कसं’ हा प्रश्न एका मुलीला पडला होता आणि त्याला उत्तर मिळालं ते अंदाजाचं. दुसऱ्याच्या पैशांची खरेदी असेल तर अशा प्रश्नाशी थांबणं खजिनदाराचं काम होतं. त्याहून जास्त माझं होतं. मला सरळ विचारलं गेलं होतं, आणि मी टक्केवारी बघायला सांगितलं. चोरीचा कोडही सतरा दिवस उत्तम चालतो, त्या सतरा दिवसांत दिलेले तारे शंभर टक्केच असणार. हे मला दोन मिनिटं विचार केला असता तर कळलं असतं.

नुकसानीची वाटणी ठरली त्याच दुपारी पैसे हलायला हवे होते. बँकेचे पैसे टिकले असते तर ते दहा जणांत वाटता आले असते, गेले असते तरी खजिनदार एकटा पडला नसता. आम्ही ठरवलेलं रास्त होतं, फक्त ते केलं नाही.

उरलेल्या चार कोडचं काय, यावर माझं मत अजून पक्कं नाही. ते चोरीचे असल्याचा पुरावा नाही, नसल्याचाही नाही. तिघे ते अजून वापरतात. सेलमध्ये सहापैकी दोघांनी गेम रीतसर घेतला, त्यात ज्याच्या लॅपटॉपवर बेट होतं तो होता, म्हणून बेट पुन्हा उघडलं. चालू कोडवाल्यांपैकी एकाने, “मी का देऊ” म्हणणाऱ्यानेच, त्या स्टुडिओचा दुसरा एक गेम पूर्ण किमतीला घेतला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खजिनदार पास होऊन गेला. वही पुढच्या खजिनदाराकडे आली. गणपतीच्या आधी त्याने ती मला दाखवायला आणली, तेव्हा ते पान उघडून पाहिलं. उजवीकडे तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं आहे: येणे, १,११६.